मालमत्ता एजंट, महारेरा आणि ग्राहकाचे हक्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर किंवा प्लॉट घेताना एजंटाशी आलेल्या व्यवहाराबद्दल वाचक सातत्याने जे प्रश्न पाठवतात, त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रापुरती आहेत. इतर राज्यांचा उल्लेख गरजेपुरता येतो. बिल्डरला कायद्याच्या भाषेत प्रवर्तक म्हणतात, परंतु येथे रोजच्या वापरातला शब्दच ठेवला आहे.

1. एजंटांवर नियंत्रण ठेवणारा कायदा नेमका कोणता?

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, 2016, म्हणजेच ज्याला सर्वजण रेरा म्हणतात तो कायदा. त्यातील काही कलमे 1 मे 2016 रोजी आणि उरलेली 1 मे 2017 रोजी लागू झाली. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी महारेरा हे प्राधिकरण करते. बिल्डरांवर राज्यात 1963च्या मोफा कायद्यापासून (महाराष्ट्रातील सदनिकांच्या मालकीविषयीचा कायदा) काही ना काही बंधने होती. दलालाला मात्र कोणत्याही स्वतंत्र नोंदणीची गरज नव्हती. फलक लावला आणि फोन क्रमांक दिला, की तो एजंट झाला. रेराने प्रथमच एजंटाची व्याख्या केली, त्याला नोंदणी सक्तीची केली आणि त्याची कर्तव्ये लिहून ठेवली. दलाल, मध्यस्थ, प्रॉपर्टी डीलर, सल्लागार असे कोणतेही नाव लावले, तरी मोबदला घेऊन ग्राहक आणि विक्रेता यांची गाठ घालून देणारा माणूस या व्याख्येत येतो, मग ती गाठ कोणत्याही माध्यमातून घातलेली असो.

2. म्हणजे प्रत्येक एजंटाकडे महारेराचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा का?

नाही. सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्यावर होतात. कलम 9 नुसार नोंदणीची सक्ती आहे ती रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पातील, बिल्डरकडून विकल्या जाणाऱ्या सदनिका, दुकान किंवा प्लॉटच्या व्यवहारासाठी. जुन्या इमारतीतील फ्लॅटची फेरविक्री करून देणाऱ्या किंवा घर भाड्याने मिळवून देणाऱ्या एजंटाला हे कलम लागू होत नाही, कारण फेरविक्रीत विकणारा बिल्डर नसतो, आणि भाड्याच्या बाबतीत व्याख्येतच फक्त विक्रीच्या मार्गाने होणाऱ्या हस्तांतरणाचा उल्लेख आहे.

व्यवहारात एकच माणूस सकाळी नव्या प्रकल्पाची साइट दाखवतो आणि संध्याकाळी भाड्याच्या घराच्या चाव्या घेऊन येतो. त्याच्या कार्यालयात महारेराचे प्रमाणपत्र लावलेले पाहून भाडेकरूला वाटते की आपलाही व्यवहार त्या छत्राखाली आहे. तसे ते नसते. भाड्याच्या आणि फेरविक्रीच्या व्यवहारात दाद कुठे मागायची, ते प्रश्न 11 आणि 12 मध्ये दिले आहे. कायद्याने हा भाग बाहेर ठेवायला नको होता असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण तुलनेने कमी पैसे हाताशी असलेली माणसे, म्हणजे शिकायला आलेले विद्यार्थी आणि नोकरीसाठी शहरात आलेली कुटुंबे, याच भागात अडकतात.

3. एजंट नोंदणीकृत आहे हे घरबसल्या कसे तपासावे?

महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांचा शोध नावाने किंवा क्रमांकाने घेता येतो. क्रमांक एजंटाकडूनच मागून घ्यावा. तो कार्यालयात ठळकपणे लावणे आणि जाहिरातींत व कागदपत्रांत नमूद करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. शोधात नाव सापडले म्हणून तेथेच थांबू नये. नोंदणी पाच वर्षांसाठी असते, त्यामुळे मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे. नोंदणी व्यक्तीच्या नावाने आहे की फर्मच्या, हेही पाहावे, कारण फर्मच्या क्रमांकावर काम करणारा माणूस ती फर्म सोडून गेल्यावरही जुनेच व्हिजिटिंग कार्ड वाटत राहू शकतो. एजंटाचा क्रमांक आणि प्रकल्पाचा क्रमांक वेगवेगळे असतात. अनेक जाहिरातींत केवळ प्रकल्पाचा क्रमांक असतो आणि विचारल्यावर तोच पुढे केला जातो. तो एजंटाच्या पात्रतेचा पुरावा नव्हे.

नोंदणीसाठी व्यक्तीला 10,000 रुपये आणि फर्म, कंपनी वगैरेंना 1,00,000 रुपये शुल्क भरावे लागते. हे शुल्क एजंटाने भरायचे असते. ‘रेरा चार्जेस’ म्हणून ते ग्राहकाकडून वसूल करण्याला कोणताही आधार नाही.

4. एजंटांना परीक्षा द्यावी लागते, असे ऐकले. ते खरे आहे का?

होय. जानेवारी 2023 मधील आदेशाने महारेराने प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. पहिली परीक्षा मे 2023 मध्ये झाली आणि मुदतवाढ देत देत 1 जानेवारी 2024 पासून या परीक्षेनंतर मिळणाऱ्या सक्षमता प्रमाणपत्राशिवाय काम करण्यास मनाई झाली. ज्यांनी प्रमाणपत्र घेतले नाही, अशा हजारो एजंटांची नोंदणी पुढे स्थगित करण्यात आली. म्हणून नोंदणी क्रमांकाबरोबर सक्षमता प्रमाणपत्रही मागावे. चटई क्षेत्र (घराच्या आतील वापराचे क्षेत्र) म्हणजे काय आणि वाटपपत्र (बुकिंगच्या वेळी बिल्डर देतो ते पत्र) म्हणजे काय, हे एजंटाला ठाऊक असेल एवढी किमान खात्री त्यातून मिळते. तो प्रामाणिक आहे की नाही, हे त्यातून कळत नाही.

5. नोंदणीकृत एजंटाने माझ्यासाठी काय काय करणे कायद्याने बंधनकारक आहे?

कलम 10 मध्ये त्याची कर्तव्ये आहेत. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील विक्री त्याने करून देऊ नये. हिशेब आणि नोंदी ठेवाव्यात. सेवेच्या दर्जाबद्दल किंवा स्वतःला नसलेल्या मान्यतेबद्दल खोटे सांगू नये, तसेच जी सेवा द्यायचीच नाही तिची जाहिरात करू नये. ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी कर्तव्य असे, की बुकिंगच्या वेळी ग्राहकाला ज्या माहितीचा आणि कागदपत्रांचा हक्क आहे, ती सर्व त्याच्या हाती पडतील याची काळजी एजंटाने घ्यायची आहे. म्हणजे मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जमिनीच्या मालकी हक्काचा अहवाल, बोजा असल्यास त्याचा तपशील आणि ताब्याची तारीख. ‘ते सगळं बिल्डरच्या ऑफिसात मिळेल’ असे म्हणून एजंटाला हात झटकता येत नाहीत. या कागदांची मागणी ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपवर लेखी करावी. उत्तर आले नाही, तर तो संदेशच पुढे तक्रारीत जोडता येतो.

6. एजंटाने नियम मोडला, तर दंड किती होतो आणि तो मला मिळतो का?

कलम 62 नुसार उल्लंघन चालू राहील त्या प्रत्येक दिवसाला 10,000 रुपये दंड होतो आणि एकूण दंड व्यवहारातील मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. साठ लाखांच्या सदनिकेत ही मर्यादा तीन लाख रुपये होते, म्हणजे तीस दिवसांतच ती गाठली जाते. खोटी माहिती देऊन किंवा फसवणुकीने मिळवलेली नोंदणी, सुनावणीची संधी देऊन, रद्दही करता येते.

दंडाची रक्कम मात्र सरकारजमा होते, ग्राहकाच्या खात्यात येत नाही. रेरामध्ये नुकसानभरपाईची जी कलमे आहेत, म्हणजे 12, 14, 18 आणि 19, त्यांचा रोख बिल्डरवर आहे. त्यामुळे एजंटाकडून स्वतःचे पैसे परत हवे असतील, तर बहुतेक वेळा ग्राहक आयोगाचा मार्ग अधिक सरळ पडतो. हा फरक आधीच ध्यानात घेतला नाही, तर वर्ष-दीड वर्ष महारेरात तारखांना गेल्यावर एजंटाला दंड झाल्याचे समाधान मिळते आणि ब्रोकरेज तिथेच राहते.

7. ब्रोकरेज किती द्यावे? कायद्याने दर ठरवला आहे का?

रेराने दर ठरवलेला नाही. फेरविक्रीत किमतीच्या एक ते दोन टक्के आणि मुंबईत अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर एक महिन्याचे भाडे अशी रीत अनेक ठिकाणी आहे, पण ती रीतच आहे. घासाघीस करण्यात काहीही गैर नाही. एजंट जीएसटीखाली नोंदलेला असेल, तर ब्रोकरेजवर 18 टक्के कर लागतो. अशा वेळी जीएसटी क्रमांक असलेले बिल घ्यावे. बिल देत नाही आणि तरीही कर मागतो, त्याला कर देऊ नये.

ब्रोकरेज कधी देय होईल, हे रकमेपेक्षा महत्त्वाचे आहे. घर दाखवल्यावर, इसार दिल्यावर की करारनामा नोंदवल्यावर? हे आधी लिहून घेतले नाही, तर व्यवहार मोडल्यावर दोघेही आपापल्या समजुतीवर अडून बसतात. आमचा सल्ला असा, की करारनामा दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवला जाईपर्यंत पूर्ण ब्रोकरेज देऊ नये.

8. एजंट दोन्ही बाजूंकडून ब्रोकरेज घेऊ शकतो का?

त्यावर थेट बंदी नाही. परंतु एजंट बिल्डरकडून कमिशन घेत असेल, तर किंमत कमी करून घेण्यात त्याला फारसा रस नसतो. ‘तुम्हाला यात समोरून काही मिळते का?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

9. एजंटाने ‘टोकन’ म्हणून एक लाख रुपये मागितले आहेत. देऊ का?

नव्या प्रकल्पात पैसे बिल्डरच्या, त्या प्रकल्पासाठीच्या बँक खात्यातच द्यावेत. एजंटाच्या नावाने चेक, त्याच्या मोबाइलवर यूपीआय किंवा रोख, यांपैकी काहीही देऊ नये. ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेचा 70 टक्के भाग बिल्डरने प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवून तो केवळ जमीन आणि बांधकाम यांसाठी वापरावा, असे कायद्याने ठरवले आहे. एजंटाच्या खात्यात गेलेला पैसा या साखळीच्या बाहेरच राहतो.

कलम 13 नुसार करारनामा करून तो नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. साठ लाखांच्या सदनिकेत ही रक्कम सहा लाख होते. त्याहून अधिक मागणी झाली, तर आधी करारनामा नोंदवा असे सांगावे. बुकिंग करताना महारेराच्या नमुन्यातले वाटपपत्र घ्यावे. त्या नमुन्यानुसार 15 दिवसांत बुकिंग रद्द केल्यास काहीही कापले जात नाही. 16 ते 30 दिवसांत 1 टक्का, 31 ते 60 दिवसांत 1.5 टक्के आणि त्यानंतर 2 टक्के एवढीच कपात करता येते.

फेरविक्रीत इसारपावती होते. तिच्यात काय लिहिलेले असते ते शांतपणे वाचावे. बाजारात मिळणाऱ्या छापील पावतीत अनेकदा एवढेच असते : ‘सदर मिळकतीपोटी रु. ____ इसारादाखल मिळाले, व्यवहार मोडल्यास इसार जप्त.’ मिळकतीचा सदनिका क्रमांक नाही, एकूण किंमत नाही, करारनाम्याची तारीख नाही, आणि विकणाऱ्याने व्यवहार मोडला तर काय, याबद्दल एक अक्षर नाही. या चारही गोष्टी हाताने लिहून घ्याव्यात. त्याशिवाय ‘बँकेने कर्ज नाकारल्यास किंवा मालकी हक्कात दोष आढळल्यास इसार पूर्ण परत’ हे वाक्य जोडावे. पावतीवर मालकाची सही हवी, एजंटाची सही साक्षीदार म्हणून हवी.

10. ‘प्री-लाँच’मध्ये स्वस्त मिळतेय, महारेरा क्रमांक येईलच, असे एजंट म्हणतो. धोका आहे का?

मोठा धोका आहे. कलम 3 नुसार नोंदणीआधी जाहिरात करणे, बुकिंग घेणे किंवा ग्राहकांना बोलावणेही बेकायदा आहे. त्यासाठी बिल्डरला प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो आणि असा प्रकल्प विकणारा एजंट कलम 10 मध्ये सापडतो. अर्जाला ‘इच्छापत्र’ किंवा ‘ईओआय’ असे नाव दिले, म्हणून मूळ गोष्ट बदलत नाही.

नोंदणीची गरज नसलेले प्रकल्पही असतात : जमीन 500 चौरस मीटरपर्यंत असेल किंवा एकूण सदनिका आठपर्यंत असतील, तर नोंदणी सक्तीची नाही. ‘आमचा प्रकल्प लहान आहे’ असे सांगितले गेल्यास मंजूर नकाशावरून क्षेत्र आणि सदनिकांची संख्या स्वतः मोजून पाहावी. टप्प्याटप्प्याने बांधायच्या प्रकल्पात सर्व टप्प्यांची बेरीज धरली जाते.

नोंदणी क्रमांक असला, तरी डोळे मिटून चालत नाही. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा क्रमांक मिळवलेल्या 65 इमारतींचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायालयाने त्या बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्यांत घरे घेतलेल्या कुटुंबांनी क्रमांक तपासला होता, बँकांनी कर्जे दिली होती. म्हणून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात किंवा तिच्या संकेतस्थळावर तो खरा आहे का, हे पाहावे. हे काम एजंटावर सोपवू नये.

11. भाड्याच्या घरासाठी एजंटाने ब्रोकरेज घेतले आणि घर मिळालेच नाही. महारेरात तक्रार करता येईल का?

नाही, कारण प्रश्न 2 मध्ये दिले आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीबद्दल तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि तक्रार आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, वकील असण्याची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. एकच घर अनेकांना दाखवून प्रत्येकाकडून पैसे घेतले असतील, तर ती फसवणूक आहे आणि पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली तक्रार द्यावी.

लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार घरमालकाची आहे. करार लेखी व नोंदलेला नसेल, तर अटींबाबत वाद झाल्यास भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ‘नोटरी केली की झालं’ असे सांगणारा एजंट मालकालाही अडचणीत आणत असतो.

12. फेरविक्रीत एजंटाने इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यास परवानगी देणारा दाखला) असल्याचे सांगितले, ते खोटे निघाले. आता काय करावे?

एजंटाविरुद्ध ग्राहक आयोगाचा मार्ग आहे (प्रश्न 11), परंतु त्याने ते लेखी सांगितले होते का, यावर सगळे अवलंबून राहील. विक्रेत्याने करारनाम्यात तशी हमी दिली असेल, तर त्याच्याविरुद्ध दिवाणी दावा अधिक भक्कम ठरतो. पुढच्या खरेदीत भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, सोसायटीचे ना-देय प्रमाणपत्र, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील सूची क्रमांक 2 (नोंदवलेल्या दस्ताचा उतारा) ही कागदपत्रे एजंटाच्या हातून न घेता स्वतः मिळवावीत.

13. एजंटाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या माहितीपत्रकातील सोयी प्रत्यक्षात नाहीत. त्याला किंमत आहे का?

आहे. कायद्यातील जाहिरातीची व्याख्या कोणत्याही माध्यमातील, कोणत्याही स्वरूपातील प्रसिद्धीला लागू पडेल इतकी व्यापक आहे. जाहिरातीतील किंवा नमुना सदनिकेतील चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे दिले आणि नुकसान झाले, तर कलम 12 खाली बिल्डरकडून भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडायचे असल्यास भरलेली पूर्ण रक्कम व्याजासह परत मागता येते. बिल्डर हमखास म्हणतो की ते माहितीपत्रक एजंटाने बनवले. म्हणून मूळ संदेश, पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि तारीख पुसू नयेत, आणि महारेराच्या संकेतस्थळावर बिल्डरने स्वतः भरलेल्या माहितीचा त्या दिवशीचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड देणे बिल्डरांना सक्तीचे आहे; तो स्कॅन केल्यावर हीच माहिती उघडते.

14. एजंट ‘सुपर बिल्टअप’वर (जिना, लॉबी यांसारख्या सामायिक जागेचा वाटाही धरलेल्या क्षेत्रावर) भाव सांगतो आणि मोकळ्या पार्किंगचे वेगळे पैसे मागतो. हे चालते का?

किंमत चटई क्षेत्रावर सांगितली गेली पाहिजे. त्यात घराच्या आतील भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. मोकळे पार्किंग हा सामायिक भाग आहे आणि तो विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात स्पष्ट केले आहे.

15. महारेरात एजंटाविरुद्ध तक्रार कशी करावी?

कलम 31 नुसार ग्राहकाला बिल्डर आणि एजंट या दोघांविरुद्ध तक्रार करता येते. ती ऑनलाइन दाखल होते आणि शुल्क 5,000 रुपये आहे. दोघांचा संबंध असेल, तर दोघांनाही पक्षकार करावे. एकालाच धरले, तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. नोंदणीच नसलेल्या एजंटाविरुद्ध किंवा प्रकल्पाविरुद्धही तक्रार करता येते. तडजोडीची तयारी असल्यास महारेराच्या सलोखा मंचाचा पर्याय आहे. आदेशाविरुद्ध 60 दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाता येते. रक्कम देण्याचा आदेश होऊनही पैसे मिळाले नाहीत, तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. या शेवटच्या पायरीला वेळ लागतो, त्यामुळे वसुली वॉरंट निघाल्यावर तहसील कार्यालयाकडे पाठपुरावा सोडू नये.

16. महारेरा आणि ग्राहक आयोग, दोन्हीकडे जाता येते का?

सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात रेरामुळे ग्राहक कायद्याचा मार्ग बंद होत नाही असे म्हटले आहे. निवड ग्राहकाची आहे. परंतु त्याच मागणीसाठी एकाच वेळी दोन ठिकाणी जाऊ नये.

17. मी परदेशात राहतो. पुण्यात आणि गोव्यात घर पाहतोय. एकच एजंट चालेल का?

एजंटाची नोंदणी एका राज्यापुरती असते. महारेराचा क्रमांक पुण्याला चालेल. गोव्यातील नोंदलेल्या प्रकल्पासाठी त्याच एजंटाकडे गोवा रेराचा क्रमांक वेगळा हवा.

परदेशातून व्यवहार करताना एजंट स्वतःच्याच नावे कुलमुखत्यारपत्र मागतो, ते देऊ नये. ज्याचे कमिशन व्यवहार होण्यावर अवलंबून आहे, त्याच्याच हाती सहीचा अधिकार देणे ग्राहकाच्या हिताचे नाही. नात्यातल्या विश्वासू व्यक्तीला, एकाच मिळकतीपुरते आणि मुदत घालून कुलमुखत्यारपत्र द्यावे. परदेशात केलेला असा दस्त राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. केवळ कुलमुखत्यारपत्रावर ‘विकत’ मिळणारी मिळकत घेऊ नये. अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितले आहे.

18. गावाकडे एजंट शेतजमिनीचे पाच-पाच गुंठ्यांचे प्लॉट विकतो आहे. महारेरा क्रमांक नाही. घ्यावेत का?

पाडलेल्या प्लॉटांची विक्री हाही स्थावर संपदा प्रकल्पच आहे आणि जमीन 500 चौरस मीटरहून अधिक असेल, तर नोंदणी हवी. त्याआधीचा अडथळा असा, की शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि जमिनीचे तुकडे करण्यावर 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने निर्बंध घातले आहेत. त्या कायद्यात वेळोवेळी बदल झाले आहेत आणि ‘आता सगळं मोकळं झालं’ असे सांगत एजंट त्यांचाच आधार घेतात. आपल्या गटाला तो बदल लागू आहे का, हे तलाठी आणि तहसील कार्यालयात गट क्रमांक दाखवून विचारावे. अकृषिक परवानगीची आणि मंजूर रेखांकनाची प्रत मागावी. सातबारावर दहा-वीस अनोळखी नावे एकत्र लागलेली दिसली आणि प्लॉटची हद्द दाखवणारा एकही मंजूर नकाशा नसेल, तर इसारही देऊ नये.